वाचलेला रुपया कोणाचा?

बजाज ऑटोची २०२३-२४ ची विक्री सुमारे ४४,७०० कोटी रुपयांची होती. तिचा वार्षिक हिशेब शंभर रुपयांवर आणून पाहिला, तर ७० च्या आसपास रुपये कच्च्या मालावर आणि बाहेरून घेतलेल्या सुट्या भागांवर जातात. कंपनीच्या स्वतःच्या कामगार-कर्मचाऱ्यांवरचा खर्च साडेतीन रुपयांच्या आगेमागे असतो. पगारवाढीच्या करारांवरून वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, पण गाडीची किंमत खरी ठरते ती त्या ७० रुपयांत. समजा, एखाद्या कंपनीने पगार निम्मे केले (करता येणारच नाहीत, पण हिशेबापुरते), तर वाचतील पावणेदोन रुपये. खरेदी फक्त तीन टक्क्यांनी स्वस्त झाली, तर वाचतील दोन रुपये दहा पैसे.

म्हणून मोठा कारखानदार आपल्या पुरवठादाराला सुधारायला जातो. यात परोपकार नाही आणि तो शोधतही बसू नये. प्रश्न पुढचा आहे. पुरवठादाराच्या गाळ्यात जो रुपया वाचतो, तो शेवटी कोणाच्या खिशात जातो?

हा प्रश्न शीळफाट्यावर उभे राहून विचारण्याला कारण आहे. भिवंडी-कल्याण-शीळ हा २१ किलोमीटरचा रस्ता इथे जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला मिळतो. एका बाजूला डोंबिवली एमआयडीसी, खाली तळोजा, महापेकडे वळलं की ठाणे-बेलापूर पट्टा, मुंब्रा बायपासने ठाण्याकडे गेलं की वागळे इस्टेट. या सगळ्या ठिकाणच्या गाळ्यांत प्रेस चालतात, मोल्डिंग मशिनं चालतात, सीएनसीवर जॉब फिरतात. गाळ्यातून निघालेला टेम्पो चाकणला जायचा असो की न्हावाशेव्याला, तो बहुतेक वेळा याच फाट्यावर अडकतो. मोठ्या कारखान्यांची नावं इथे पाटीवर फार दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा माल करणारा माणूस.

एके काळी मात्र खुद्द मोटार कंपनी याच रस्त्यावर होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मूळ कारखाना कुर्ल्याला. फियाटच्या परवान्यावरची, पुढे पद्मिनी झालेली गाडी तिथली. कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्याला होता. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी झाली आणि ‘३०९’ ही गाडी इथून निघू लागली. संप झाले, १९९७ मध्ये फ्रेंच भागीदाराने काढता पाय घेतला. आता तिथे घरांचे मनोरे आहेत. राजकीय सभांच्या बातम्यांत ‘प्रीमियर मैदान’ असा उल्लेख येतो, त्या मैदानाला हे नाव का पडलं ते नव्या रहिवाशांना ठाऊक असेलच असं नाही. कंपनी बुडाली की पुरवठादाराचं काय होतं, याचा धडा या पट्ट्याने असा घराजवळ घेतलेला आहे. एकाच गिऱ्हाइकावर विसंबायला इथला जुना गाळेवाला कचरतो तो उगाच नाही.

त्याच १९९७ च्या सुमाराला कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या ताब्यात गेला आणि तिथे उनो बनू लागली. फियाटपुढे अडचण उभी राहिली ती पुरवठादारांची. तीस वर्षांहून जास्त काळ एकच मॉडेल, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत, त्यामुळे भाग थोडा वाकडा आला तरी फिटर कानस मारून बसवायचा. नव्या गाडीला ते चालणार नव्हतं. यातून १९९९ मध्ये एक वेगळा प्रयोग सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना म्हणजे युनिडो, फियाट आणि तिच्या गटातली सुटे भाग बनवणारी मॅग्नेटी मारेल्ली, आपल्या वाहन-घटक उत्पादकांची संघटना अॅक्मा, पुण्याची वाहन-संशोधन संस्था एआरएआय आणि फ्रान्सची इन्सियाड ही व्यवस्थापन संस्था अशी मंडळी एकत्र आली. केंद्र सरकारही सोबत होतं. पश्चिम भारतातल्या २० लहान-मध्यम कंपन्या निवडल्या गेल्या. वर्गात शिकवणं थोडं आणि सल्लागाराने प्रत्यक्ष शॉपफ्लोअरवर उभं राहून काम करून घेणं जास्त, अशी पद्धत ठरली.

पहिल्या टप्प्याचे निकाल युनिडोने जाहीर केले. ऑर्डर मिळाल्यापासून माल बाहेर पडेपर्यंतचा काळ सरासरी निम्म्यावर आला. गैरहजेरी सुमारे ३९ टक्क्यांनी घटली. कामगारांच्या प्रशिक्षणाचे तास जवळजवळ शून्य होते, ते शेकड्यांत गेले. यातला मला सगळ्यात बोलका वाटतो तो गैरहजेरीचा आकडा. नवं मशीन आलं नव्हतं, पगार दुप्पट झाले नव्हते. जमीन झाडली गेली, हत्यारं जागेवर लागली, कोणाचं काम काय हे भिंतीवर लिहिलं गेलं आणि माणसं कामावर येऊ लागली. गचाळ जागी काम करायचा कंटाळा कामगारालाही येतो, एवढी साधी गोष्ट मालकांना तिसऱ्याने येऊन सांगावी लागली.

सुधारणा म्हणजे नेमकं काय, हे प्रेसच्या उदाहरणाने पाहू. पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. दिवसात तीन वेळा डाय बदलायची आणि प्रत्येक वेळी तासभर जातो. १८० मिनिटं प्रेस नुसती उभी. आता डाय आधीच मशीनजवळ आणून ठेवली, सगळ्या डायची उंची एकसारखी केली, बोल्ट मोजकेच ठेवले आणि पाना शोधायला सेटरने गाळाभर फिरणं थांबवलं, तर हाच बदल १५ मिनिटांत होतो. जपानच्या शिगेओ शिंगोंनी हे शास्त्र म्हणून मांडलं, पण त्यात रॉकेट उडवण्यासारखं काही नाही. तीन बदलांना ४५ मिनिटं. वाचली १३५. पाळीचा २८ टक्के वेळ फुकट हातात आला. मिनिटाला दहा ठोके धरले तर रोज १,३५० नग जास्त.

दुसरं उदाहरण मशीनच्या एकूण कार्यक्षमतेचं. मशीन ७० टक्के वेळ चालू, चालू असताना वेग ठरल्याच्या ८० टक्के आणि निघालेल्यात चांगला माल ९५ टक्के. तिन्ही आकडे वेगवेगळे ऐकले तर ठीकठाक वाटतात. गुणाकार केला की ५३ टक्के येतात. निम्मं मशीन बँकेच्या हप्त्यावर नुसतं उभं आहे, असा त्याचा अर्थ. बजाजने आपल्या पुरवठादारांच्या संघटनेतून टीपीएम या ज्या यंत्र-देखभालीच्या पद्धतीचा आग्रह धरला, तिचा गाभा हा गुणाकार सुधारणं हाच. पद्धत जपानची, निप्पॉनडेन्सोने १९७१ च्या सुमारास रुजवलेली. मशीन चालवणाऱ्यानेच ते पुसायचं, तेल द्यायचं, बारीक आवाज ओळखायचा. आपल्याकडे ‘मेंटेनन्सवाला बघेल’ ही सवय मोडणं हेच जास्त अवघड गेलं.

पण प्रेसवर रोज १,३५० नग जास्त निघाले आणि ऑर्डर तेवढीच राहिली, तर काय? मग प्रेस दुपारी तीनलाच बंद होते आणि मालकाला सुधारणेचा राग येतो. वाचलेल्या वेळेला काम लागतं, आणि काम देणं फक्त मोठ्या कंपनीच्या हातात असतं.

बजाजने नेमकं हेच केलं, आणि त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. आकुर्डीचा कारखाना १९६० चा, वाळूजचा १९८५ चा, चाकणचा १९९९ चा. स्कूटरच्या काळात कंपनीचे पुरवठादार कित्येकशे होते. पल्सरच्या पिढीत ते कमी करत दोनशेच्या आसपास आणले गेले. साधा भागाकार करा. सहाशेंचे दोनशे केले, तर राहिलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी तिप्पट काम. त्या कामाच्या भरवशावर बँक कर्ज देते, त्या कर्जातून चांगलं मशीन येतं, त्या मशीनवर रिजेक्शन कमी होतं. गेलेल्या चारशेंचं काय झालं, याचा तक्ता कोणत्याही वार्षिक अहवालात नसतो.

राहिलेल्यांची वाढ मात्र डोळ्यांत भरते. अनुरंग जैन यांनी १९८५ च्या सुमारास औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बजाजसाठी अॅल्युमिनियम डायकास्टिंग सुरू केलं. त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांची व्हॅरॉकही तिथलीच. दोघे बजाज ऑटोच्या राहुल बजाज यांचे भाचे, तेव्हा पहिल्या ऑर्डरसाठी त्यांना किती खेटे घालावे लागले असतील हे वाचकाने ठरवावं. पण नातं पहिली ऑर्डर देतं. पन्नासावी देत नाही. अनुरंग जैन यांची एन्ड्युरन्स आज इटली-जर्मनीत कारखाने चालवते, तिची एकत्रित विक्री वर्षाला दहा हजार कोटींच्या वर गेली आहे आणि २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. होंडा, हिरो, रॉयल एन्फील्ड यांनाही ती माल देते. पुरवठादार खरोखर सक्षम झाला, याची माझ्या मते हीच खूण. तो दुसऱ्यालाही माल विकू शकला पाहिजे.

आता आपल्या फाट्यावरच्या गाळ्याकडे येऊ. पुढचे आकडे कोणा एका उद्योगाचे नाहीत, हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, पण लघुउद्योजकाने स्वतःचे आकडे घालून पाहावेत.

वर्षाची उलाढाल सहा कोटी. खर्च जाऊन करापूर्वी पाच टक्के हातात राहतात, म्हणजे ३० लाख. पेमेंट ९० दिवसांनी येतं. मोठी कंपनी म्हणाली, ४५ दिवसांत देतो. सहा कोटींचे ४५ दिवस म्हणजे जवळपास ७४ लाख रुपये. एवढं भांडवल अडकायचं थांबलं. कॅश क्रेडिटचं व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला सुमारे नऊ लाख वाचले. नफ्याच्या तीस टक्के. यासाठी कोणी जपानी सल्लागार बोलवावा लागला नाही, नीटनेटकेपणाच्या ‘पाच-एस’ पद्धतीच्या पाट्या रंगवाव्या लागल्या नाहीत. कंपनीच्या अकाउंट्स खात्यातल्या माणसाने वेळेवर एक बटण दाबलं.

पुरवठादाराला मदत करायची सगळ्यात स्वस्त रीत हीच आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती कायद्यातच लिहिलेली आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर साडेपाच धरला तरी साडेसोळा टक्के होतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये तक्रारीसाठी ‘समाधान’ हे ऑनलाइन दालन सुरू झालं. पण ज्या कंपनीवर व्हेंडर कोड अवलंबून, तिच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? एकदा केला तर पैसे मिळतील, ऑर्डर मिळणार नाही.

सरकारला हे उमगलं असावं, कारण नंतरचा उपाय वेगळ्या दिशेने आला. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ४३बी (एच) हे कलम घातलं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. तक्रार करायची गरज नाही, कंपनीचा लेखापरीक्षकच विचारतो. लगेच दुसरं दुखणं निघालं. काही खरेदीदार ऑर्डर मध्यम उद्योगांकडे वळवतील, कारण कलम मध्यमांना लागू नाही, अशी भीती लहान उद्योजकांच्या संघटनांनी बोलून दाखवली. ट्रेड्स या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा मार्ग त्यापेक्षा सरळ. कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला एक-दोन दिवसांत पैसे मिळतात, तेही कंपनीच्या पतीवर, म्हणजे कमी व्याजाने. आधी ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना यावर नोंदणी सक्तीची होती, नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने ही मर्यादा २५० कोटींवर आणली. नोंदणी सक्तीची आहे. बिलं त्यावर चढवणं मात्र कंपनीच्या मर्जीवर. खरी गोम तिथे आहे.

त्याच गाळ्याचं रिजेक्शन पाहू. चार टक्के माल नापास होत होता. गुणवत्तेच्या भाषेत दहा लाखांत ४०,०००. मोटार कंपन्या आता हा आकडा दोन-तीन अंकी असावा असं मागतात. कंपनीचा इंजिनिअर महिन्यातून दोनदा येऊन बसला, गेज बदलले, पहिला नग तपासल्याशिवाय पुढचा काढायचा नाही हा नियम लागला आणि रिजेक्शन एक टक्क्यावर आलं. उत्पादनाचा थेट खर्च विक्रीच्या ८० टक्के, म्हणजे चार कोटी ८० लाख धरला, तर तीन टक्क्यांचे १४ लाख ४० हजार. भंगार विकून पूर्वी जे तीनेक लाख यायचे ते वजा करा. निव्वळ बचत ११ लाख.

वाहतुकीतही थोडं निघतं. पाच गाळ्यांतून पाच अर्धे भरलेले टेम्पो शीळफाट्याच्या कोंडीत उभे राहतात, त्याऐवजी कंपनीने स्वतःचा ट्रक पाचही ठिकाणी फिरवून माल उचलला, तर फेऱ्या निम्म्या होतात. टेम्पो अडकल्यामुळे ‘लाइन थांबली’ म्हणून जी डेबिट नोट येते, तीही टळते. रस्त्याच्या कोंडीचा दंड गाळेवाल्याने भरायचा, हा प्रकार कोणत्याही सुधारणेच्या पुस्तकात बसत नाही.

आता वर्षअखेर कंपनीच्या खरेदी विभागाचं पत्र येतं. तुमची उत्पादकता वाढली, अभिनंदन, पुढच्या वर्षी रेट तीन टक्क्यांनी कमी करा. सहा कोटींचे तीन टक्के म्हणजे १८ लाख. हिशेब मांडा. रिजेक्शनचे ११, व्याजाचे नऊ, मिळून २०. गेले १८. मालकाकडे राहिले दोन लाख. पेमेंट ९० दिवसांचंच राहिलं असेल, तर ११ उणे १८, म्हणजे सुधारणा करून सात लाखांचा खड्डा. आणि दुसऱ्या वर्षी? पुन्हा तीन टक्के, आता साडेसतरा लाख. रिजेक्शन एक टक्क्यावर आलेलं आहे, ते शून्य केलं तरी त्यातून फार तर तीन-चार लाख निघतील. उरलेले कामगाराच्या पगारातून काढायचे, की स्वस्त पत्र्यातून? स्वस्त पत्रा आला की रिजेक्शन परत वर. तीन वर्षांपूर्वी सल्लागाराने लावलेल्या पाट्या भिंतीवर तशाच असतात, गाळा मात्र मूळ पदावर येतो.

दरवर्षी रेट कमी करून मागणं टोयोटातही आहे, तेव्हा नुसतं मागण्याला दोष देता येत नाही. फरक वाटणीत आहे. तिथे आधी गिऱ्हाईक काय किंमत देईल ते ठरतं, त्यातून भागाचं लक्ष्य ठरतं, ते गाठायला कंपनीचा माणूस सोबत बसतो आणि पुरवठादाराने स्वतःच्या कल्पनेतून जास्त वाचवलं तर त्यातला वाटा त्याच्याकडे राहतो. याचा परतावा किती मिळतो, ते १ फेब्रुवारी १९९७ ला दिसलं. आयसिन सेइकीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा आणि साठा जेमतेम काही तासांचा. टोयोटाच्या लाइन थांबल्या. पण सुमारे दोनशे कंपन्या, त्यांत ब्रदर ही शिलाई मशीनवालीही, नकाशे घेऊन मिळेल त्या मशीनवर ते व्हॉल्व्ह बनवू लागल्या. पैसे किती मिळतील हे आधी ठरवलं नव्हतं. आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. पुढे टोयोटाने पहिल्या फळीतल्या पुरवठादारांना त्या तिमाहीतल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम आपणहून दिली, ती एकूण १५ अब्ज येनच्या वर गेली. खरेदी विभागाचं पत्र दरवर्षी वाचणारा आपला गाळेवाला अशा रात्री दिवा लावून कामाला बसेल का, हे त्या विभागाच्या प्रमुखाने स्वतःलाच विचारावं.

सरकारी योजना आहेत, आणि त्या वाईट नाहीत. मार्च २०२३ मध्ये नव्याने आलेल्या लीन योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलतं. गुणवत्तेच्या २०२२ च्या झेड प्रमाणपत्रात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत आहे. ब्राँझ प्रमाणपत्राचं मूळ शुल्क तर दहा हजार रुपयेच आहे. या पट्ट्यातल्या ज्या गाळेवाल्यांनी अजून ते घेतलेलं नाही, त्यांनी घ्यावं. पण प्रमाणपत्र ऑर्डर आणत नाही आणि पेमेंटही. २०२४-२५ मध्ये देशाच्या वाहन-घटक उद्योगाची उलाढाल अॅक्माच्या आकड्यांप्रमाणे ६ लाख ७३ हजार कोटी रुपये झाली. डोंबिवली, तळोजा, वागळे इस्टेटच्या गाळेवाल्यांनी त्यातला आपला वाटा वाढवायचा तर सौदा कोणत्या अटींवर करायचा, हे त्यांना आधी ठरवावं लागेल.

तेव्हा पुढच्या वेळी कंपनीचा माणूस सुधारणेचा कार्यक्रम घेऊन गाळ्यात आला, तर त्याला चहा द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा. ट्रेड्सवर बिल किती दिवसांत मान्य होईल, पुढच्या दोन वर्षांचं किमान शेड्यूल किती आणि वाचलेल्या दर रुपयातले किती पैसे तुमच्याकडे राहतील. तिन्ही आकडे मिळाले, तर कार्यक्रमात सामील व्हा. एकही मिळाला नाही, तर त्याच्या इंजिनिअरकडून डाय पटकन कशी बदलायची तेवढं शिकून घ्या आणि दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागा.